डिकीचं माप

प्रिय शेंडेफळ,

सर्वप्रथम एका घोर अन्यायाची नोंद तुझ्याकडे करून ठेवते. गेले एकोणीस दिवस मला एकही अंघोळ सलग करता आलेली नाही. साबण लावला की फोन वाजतो. पलीकडून कुणीतरी गोड आवाजाचा तरुण विचारतो, मॅडम, फॅमिली कशी आहे? लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण सासरच्या एकाही माणसानं माझ्या फॅमिलीची इतक्या काळजीनं चौकशी केल्याचं मला आठवत नाही. मी एका हातानं डोळ्यांतला फेस पुसत फॅमिली बरी आहे असं सांगते. मग तो मुद्द्यावर येतो: विचार झाला का? विचार म्हणजे गाडीचा. असे चार तरुण, चार दुकानांतले. त्यांच्यात काहीतरी गुप्त करार असणार, कारण मी कोरडी असताना त्यांच्यापैकी एकही फोन करत नाही.

तर बातमी अशी की आम्ही गाडी घेतली. म्हणजे ठरवली आणि आगाऊ पैसे भरले; हातात येईल पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. हे तुला बाबा रविवारी फोनवर सांगतीलच, पण एका वाक्यात सांगतील आणि त्यातलं अर्धं खोकल्यात जाईल. शिवाय फोनवर तुझं-माझं बोलणं हल्ली हवामान आणि गुडघेदुखी यांच्या पलीकडे जात नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. एरवी विमा कंपनीत दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल इतकं लिहावं लागतं की स्वतःच्या गाडीबद्दल लिहिताना सुट्टी घेतल्यासारखं वाटतं.

गाडी कशासाठी, हे तुला सांगायला नकोच. तू घरी येऊन दोन वर्षं आणि दोन महिने झाले. बाबा दर रविवारी विचारतात, कधी येतेस. तू दर रविवारी म्हणतेस, बाबा, तुमच्या गाडीत माझी चाकांची खुर्ची मावत नाही, कशाला सगळ्यांची धावपळ. बाबा बरं म्हणतात, फोन ठेवतात, आणि मग दिवसभर त्यांचा चेहरा बघवत नाही. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झालेत. तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी त्यांनी फोन ठेवला आणि तुझ्या भावोजींना शांतपणे म्हणाले, मावत नाही ना, मग मावेल अशी घेऊ. जणू गाडी म्हणजे उशीचा अभ्रा.

आमच्या जुन्या डबड्याला तशीही चौदा वर्षं झाली होती. मागच्या डाव्या दाराची काच खाली करायला दोन्ही तळहात लावून खाली ओढावी लागते आणि वर करायला पिटुकलीला बाहेर उतरवावं लागतं. त्यामुळे गाडी घ्यायला कुणाचाच विरोध नव्हता. कोणती घ्यायची यावर मात्र घरातली शांतता गेली. सध्या सगळं जग कॉम्पॅक्ट एसयूव्ही नावाच्या प्रकारावर फिदा आहे. उंचावर बसून इतरांकडे खाली बघायची हौस आणि घरासमोर हातभर जागा, या दोघांचा संसार जमवायला काढलेली ही गाडी. तुझ्या भावोजींनी कॉम्प्युटरवर बावीस रकान्यांचा तक्ता केला आणि छापून घेतला. लिटरला किती पळते, सर्व्हिसिंगचं दुकान किती लांब, टायर किती वर्षं टिकतो, आणि पाच वर्षांनी विकली तर काय येईल. घेण्याआधी विकण्याचा रकाना. लग्नाच्या वेळी माझ्यासाठीही असा तक्ता केला होता का, हे मी विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं.

लंबूला छतात उघडणारी काच हवी होती. सतरा वर्षांचं घोडं, छतातून डोकं बाहेर काढून काय करणार, आत असतानाही त्याचा फारसा वापर होत नाही. पिटुकलीला रंग निळा हवा आणि मागच्या सीटवर पेला ठेवायला स्वतंत्र खोबण हवी, भावाशी वाटून घ्यायची नाही. मला मागचं दाखवणारा कॅमेरा हवा, कारण आमच्या फाटकाचा खांब आजवर तीनदा माझ्या आडवा आलाय. एअरबॅग सहा हव्यात यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि पैसे किती हवेत यावर कुणीच काही बोललं नाही. आणि बाबांना काय हवं होतं, ते कळायला आम्हाला पहिल्या दुकानात जावं लागलं.

तुला बाबा माहीत आहेत. बेचाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेला माणूस. इंचपट्टी गळ्यात नसेल तर त्यांना उघडंबोडकं वाटतं. पण त्या दिवशी इंचपट्टीबरोबर एक भली मोठी कापडी पिशवीही होती. दुकानातल्या तरुणानं डिकी उघडली आणि अभिमानानं सांगितलं, तीनशे अठ्ठावीस लिटर. बाबांनी आत वाकून बघितलं. म्हणाले, बाळा, आम्हाला पाणी भरायचं नाहीये. मग पिशवीतून त्यांनी पुठ्ठ्याची एक घडी काढली, उलगडली, आणि बघता बघता तिची एक चपटी लांबट पेटी झाली. कडांना कापडी पट्टीच्या बिजागऱ्या, कोपऱ्यांवर हातशिलाई. आम्ही चौघं बघतच राहिलो. ती तुझी खुर्ची होती. घडी केलेली.

महिनाभर ते माळ्यावरच्या खोलीत बसून हे उद्योग करत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. माप कुठून घेतलं, तर आतेभावाच्या लग्नाच्या दिवशी आपल्या दारात काढलेल्या फोटोवरून. त्यात तुझी खुर्ची घडी करून चौकटीला टेकवलेली आहे. बाबांनी खरी चौकट मोजली, फोटोतली मोजली, आणि बाकीचं त्यांच्या नजरेनं केलं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत ज्यांना त्याच्या छातीचं माप कळायचं, त्यांना खुर्ची काय जड. मी म्हटलं, अहो, फोन करून विचारायचं ना तिला, नकाशे काढणारी बाई, मिलिमीटरमध्ये सांगेल. तर म्हणाले, विचारलं की तिला कळेल, आणि कळलं की ती नको म्हणेल.

त्या पहिल्या गाडीला आम्ही शाळामास्तर असं नाव ठेवलं. करडा रंग, साधा चेहरा, दिखाऊपणा शून्य. छतातली काच नाही, पण मागे पाय लांब करायला जागा, कॅमेरा, सहा एअरबॅग, आणि हप्ता असा की महिनाअखेरीलाही माणसानं हसावं. तक्त्यातल्या बावीसपैकी एकोणीस रकान्यांत पास. बाबांनी पेटी डिकीत ठेवली. दोन बोटांनी अडली. तरुण म्हणाला, काका, जरा दाबली तर बसेल. बाबांनी पेटी बाहेर काढली आणि घडी करून पिशवीत टाकली. दाबून बसवलेलं त्यांना आयुष्यात कधी चाललेलं नाही. शाळामास्तर नापास.

दुसरी गाडी टोपीवाली, अंग लाल आणि छत काळं. तिच्या डिकीचा उंबरा इतका उंच की खुर्ची आत टाकायला पहिलवान लागला असता. तिसरीत पेटी बसली, पण दार लागेना. चौथीत बसली. आरामात बसली. चौथीचं नाव रागीट; पुढचे दिवे असे की तिनं आपल्याकडून काहीतरी उसनं नेलंय आणि उलट आपल्यावरच डोळे वटारतेय. तिची किंमत ऐकून तुझ्या भावोजींनी तक्ता मिटला. सात वर्षांचे हप्ते, शिवाय लंबूच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेलं सगळं. तरी कुणी नको म्हणालं नाही, हे आधी सांगते. रात्री जेवताना बाबा सहज म्हणाले की शिलाईची दोन्ही यंत्रं आणि कापायचं मोठं टेबल आता पडूनच आहेत, विकून टाकू. पडून नाहीयेत गं. रोज सकाळी ते यंत्रांना तेल देतात. त्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. भांडण नव्हतं, नुसती आकडेमोड चालली होती, प्रत्येकाची आपापल्या डोक्यात.

शनिवारी रागीटचे कागद करायला गेलो. सह्या व्हायच्या होत्या. पिटुकली कुठे दिसेना म्हणून बघितलं, तर दुकानाच्या दाराशी म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी एक व्हीलचेअर ठेवली होती आणि ही बया तिच्यात बसून स्वतःभोवती गिरक्या घेत होती. मी ओरडणार इतक्यात तिथला तरुण बिचारा नम्रपणे म्हणाला की मॅडम, खरी खुर्ची आहेच इथं, तर काकांच्या पुठ्ठ्याऐवजी ती ठेवून बघायची का? त्यानं घडी केली आणि डिकीत ठेवली. खुर्ची आत अक्षरशः पोहत होती. मग त्यानं बाबांची पेटी खुर्चीशेजारी उभी केली. पेटी सगळ्या बाजूंनी मोठी होती. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सारखी मोठी, कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही.

बाबांनी इंचपट्टी लावली. एकदा, दोनदा. मग चष्मा काढून हातात धरला. दीड इंच, ते म्हणाले, मी दीड इंच माया सोडलीय. शिवणीसाठी कापड जास्तीचं सोडतात तशी. बेचाळीस वर्षांचा हात; पुठ्ठ्यावर खुणा करतानाही त्यानं सवयीनं चारी बाजूंनी दीड इंच सोडला आणि डोक्याला विचारलं नाही. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो, तर त्यांनाच राग आला. म्हणाले, अंगाचं माप कुणी अंगाइतकंच कापतं का? यावर तुझे भावोजी हसायला लागले. तू त्यांना असं हसताना पाहिलेलं नाहीस, मीही नाही. खुर्चीवर बसले, तक्ता तोंडावर धरला आणि खांदे हलत राहिले. मग लंबू, मग मी, आणि शेवटी बाबा. दीड इंचापायी आम्ही घर गहाण टाकायला निघालो होतो.

त्या तरुणाचं मात्र मला कौतुक वाटलं. हातातलं गिऱ्हाईक चाललंय हे दिसत असूनही त्यानं बाबांना कात्री आणून दिली आणि दुकानाच्या टेबलावर पेटीच्या कडा कापताना पट्टीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. (अंघोळीच्या वेळी फोन करणाऱ्यांत तोही आहे. त्याला मी माफ केलंय.) कापलेली पेटी घेऊन आम्ही तडक शाळामास्तरकडे गेलो. पेटी आत गेली. दार लागलं. बाबांनी दार परत उघडायला लावलं आणि पेटीच्या चारी बाजूंनी हात घालून बघितला, खुर्ची उचलणाऱ्याची बोटं सोलवटणार नाहीत ना म्हणून. मग म्हणाले, आता सीट.

सीटची गोष्ट अशी. मागच्या वेळी तुला उचलून आत ठेवावं लागलं, ते बाबांच्या मनातून गेलेलं नाही. पुढच्या सीटची जमिनीपासूनची उंची त्यांनी मोजली. त्यांच्या हिशेबानं तुझ्या खुर्चीपेक्षा दोन इंच वर. दोन इंच जाडीची एक टणक गादी ते शिवतायत, खुर्चीवर ठेवायला, म्हणजे तुला सरळ आडवं सरकता येईल. दार पुरेसं उघडतं का, हे बघायला त्यांनी लंबूला एका स्टुलावर बसवलं आणि पाय न वापरता, नुसत्या हातांवर, सीटवर सरकायला सांगितलं. तो हसत बसला, पहिल्यांदा आपटला, दुसऱ्यांदाही आपटला. तिसऱ्यांदा जमलं. मग बराच वेळ तो तिथंच बसून राहिला, बाहेर आलाच नाही. छतातल्या काचेचं नाव त्यानं त्यानंतर काढलेलं नाही. पुढची सीट आत्याची असं त्यानं मावशीऐवजी गडबडीत म्हणून टाकलं, पण म्हणाला.

पैसे भरून घरी निघालो, तेव्हा बाबा माझ्या शेजारी बसले होते. तुझे भावोजी मुलांना घेऊन मागं राहिले होते, पिटुकलीला निळा रंग मिळणार नाही हे समजावत. चौकातल्या सिग्नलला मी थांबले. बाबा समोर बघत म्हणाले, "डिकीचं मी बघितलं. बाकीचं तू बघ." एवढंच. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी माझा पाय हलेना. दोन वर्षं मला वाटत होतं की त्यांना ऐकू आलं नसेल, ते आत होते.

मला माहीत आहे तू का येत नाहीस. बाकी सगळ्यांनी तुझं कारण खरं मानलं आणि मी ते मानू दिलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. आतेभावाच्या लग्नाचा दिवस. अंगणात सगळे नातेवाईक जमलेले. तुझे भावोजी आणि शेजारचे सुतार यांनी तुला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, आणि खुर्ची कुठंच बसेना म्हणून कपडे वाळत घालायच्या दोरीनं टपावर बांधली. सगळे नुसते बघत उभे होते, कुणाला काय बोलावं ते कळत नव्हतं. अशा वेळी मला गप्प बसवत नाही. मी सगळ्यांकडे वळून म्हटलं, आमच्याकडे पाहुणी घरपोच मिळते, जोडणीचा खर्च वेगळा. सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. तूही हसलीस. मग मी आत डोकावले, तेव्हा तू डाव्या बाहीचं बटण काढत होतीस आणि लावत होतीस, काढत होतीस आणि लावत होतीस, आणि माझ्याकडे बघत नव्हतीस.

लहानपणी बाबांच्या दुकानात, कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात आपण बसायचो. वर गिऱ्हाइकांची मापं चाललेली असायची आणि खाली मी तुझ्या कानात प्रत्येकाचं नाव ठेवायचे. तू पाच वर्षांची, चिंध्या तोंडात कोंबून हसायचीस, हसू बाहेर फुटू नये म्हणून. माझी ही जीभ तुझ्यासमोर तयार झालीय. माझ्या विनोदाचं पहिलं गिऱ्हाईक तू. त्यामुळे मला कित्येक दिवस खरंच असं वाटत राहिलं की तू समजून घेशील, तुला माझी सवय आहे. पण टेबलाखाली आपण दोघी एका बाजूला होतो आणि बाकीचं जग वर होतं. त्या दिवशी मी जगाच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि तुला एकटीला खाली ठेवलं.

म्हणून हे पत्र. फोनवर मला हे जमलं नसतं. मध्येच काहीतरी गमतीचं सुचलं असतं आणि मी ते बोलून मोकळी झाले असते. गाडी दहा तारखेला येईल, आणि तू आलीस न आलीस तरी ती आमच्या कामाचीच आहे. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं तिच्यात मावणार आहे. तेव्हा यावंस म्हणून गळ घालत नाही. कधी यायचं, यायचं की नाही, ते तुझं तू ठरव, आणि बाबांना काय सांगायचं तेही. पण जे तुझं होतं आणि दोन वर्षं माझ्याकडे राहून गेलं, ते आज देऊन टाकते. त्या दिवशी माझं चुकलं. तुझी लाज मी चारचौघांत हसण्यावारी नेली, आणि तुला ते लागलं हे दिसल्यावरही गप्प बसले. मला माफ कर.

एवढं बोलून आता कधी नव्हे ती गप्प बसलेली, तुझीच,

ताई